नागपूरचा जॉन स्मिथ आणि एब्रोकाठचे दगड

विमानतळावर दादाची बॅग अडीच किलोने जास्त भरली, ती संत्र्याच्या गोळ्यांमुळे. फोडीच्या आकाराच्या, वरून साखर लावलेल्या, लहानपणी शाळेबाहेर मिळायच्या त्याच. "परक्या देशात कोणाला काय द्यायचं? नागपूरचा माणूस संत्रंच देणार," असं म्हणून दोन स्वेटर त्याने माझ्या बॅगेत कोंबले. पुढचे सहा दिवस या गोळ्या पावलोपावली कामाला आल्या, म्हणून आधीच सांगून ठेवते.

दादाची लेक सई बार्सिलोनात आर्किटेक्चर शिकते. तिला भेटणं हे निमित्त. खरं कारण एका माणसाचं नाव होतं: गोपाळ मुकुंद हुद्दार, ऊर्फ बाळाजी. दादा महालातल्या शाखेत वाढलेला, त्यामुळे नोव्हेंबर १९२९ मध्ये संघाचे पहिले सरकार्यवाह हुद्दार झाले, हे त्याला पाठ. मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. १९३१ च्या बालाघाट दरोडा प्रकरणात तुरुंगात गेलेले हुद्दार सुटल्यावर पत्रकारिता शिकायला लंडनला गेले आणि तिथून 'जॉन स्मिथ' नाव घेऊन स्पेनच्या यादवी युद्धात, निवडून आलेल्या प्रजासत्ताक सरकारच्या बाजूने, बंडखोर जनरल फ्रँकोविरुद्ध लढायला उतरले, हे मला ठाऊक. गोष्टीचा अर्धा भाग त्याच्याकडे, अर्धा माझ्याकडे. घरी हा विषय निघाला की वहिनी टीव्हीचा आवाज वाढवते. म्हटलं, एकदा जाऊनच येऊ.

पहिला दिवस: बार्सिलोना

सकाळी पोहोचलो, दुपारी झोपलो, संध्याकाळी सईने मेट्रोत घातलं. कार्मेल भागात, वाहनांच्या बोगद्याच्या तोंडाशी आंतरराष्ट्रीय ब्रिगेडचं, म्हणजे प्रजासत्ताकासाठी लढायला आलेल्या परदेशी स्वयंसेवकांच्या सैन्याचं, स्मारक आहे. डेव्हिड आणि गलिअथ, रॉय शिफ्रिन या अमेरिकन शिल्पकाराचं. १९८८ च्या २८ ऑक्टोबरला ते उघडलं, कारण बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, २८ ऑक्टोबर १९३८ ला, याच शहराने परदेशी स्वयंसेवकांना मिरवणूक काढून निरोप दिला होता. पन्नासहून अधिक देशांतून सुमारे पस्तीस हजार माणसं आली होती.

गाड्यांचा घरघराट एवढा, की एकमेकांशी ओरडूनच बोलावं लागत होतं. दादाने स्मारकाला एक फेरी मारली आणि म्हणाला, "यापेक्षा आपल्या व्हेरायटी चौकातले गांधीजी शांततेत आहेत." व्हेरायटी चौक आणि शांतता! यावरून जागा कशी असेल ते ओळखा.

याच शहरात जून १९३८ मध्ये नेहरू आणि कृष्ण मेनन येऊन पाच दिवस राहिले होते. तेव्हा हुद्दार फ्रँकोच्या कैदेत होते.

रात्री एस्कालिवादा खाल्ली. वांगी, ढोबळी मिरची आणि कांदा निखाऱ्यावर भाजून, सोलून, वर ऑलिव्हचं तेल. वऱ्हाडातल्या माणसाला हे नवं नाही. फक्त ठेचा नव्हता, आणि भरीत गार होतं.

दुसरा दिवस: तोर्तोसा

भाड्याच्या गाडीने दक्षिणेला. गाडी सईने चालवली, दादाने शेजारी बसून न दिसणारा ब्रेक दाबला.

तोर्तोसात एब्रो नदी चांगली रुंद आहे. तिच्या मधोमध, पडलेल्या जुन्या पुलाच्या खांबावर, लोखंडाचा उंच काळा सुळका उभा आहे, त्यावर गरुड. फ्रँकोने १९३८ ची एब्रोची लढाई जिंकल्याची खूण म्हणून ते उभारलं आणि १९६६ मध्ये खुद्द फ्रँकोने येऊन उद्घाटन केलं. हुकूमशहा गेला, लोकशाही आली, सुळका तसाच. २०१६ मध्ये नगरपालिकेने लोकांना विचारलं, तर मत देणाऱ्यांतल्या बहुसंख्यांनी सांगितलं, असू द्या. त्यानंतर काढायचं ठरलं की कोर्टकचेरी, पुन्हा ठरलं की पुन्हा कोर्टकचेरी. आम्ही गेलो तेव्हा जागच्या जागी होतं आणि टोकाशी पाणकावळा पंख वाळवत बसला होता.

नदीकाठच्या बेकरीत 'पास्तिसेत' मिळालं. अर्धचंद्राकृती, आत भोपळ्याचा मुरंबा. करंजीच! दिवाळी आठवड्यावर आलेली, त्यामुळे मी चार खाल्ल्या आणि हिशेब ठेवला नाही. बेकरीवाल्या बाईंना सईने त्या सुळक्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "माझे वडील त्याच्याकडे पाठ करून मासे पकडायचे. माझा मुलगा म्हणतो पाडा. मला विचाराल तर त्याच्याशिवाय नदी मला ओळखता येणार नाही." दादाने त्यांना मूठभर गोळ्या दिल्या. त्यांनी वास घेतला आणि विचारलं, "वालेन्सियाच्या?" म्हणजे स्पेनच्या संत्र्यांच्या मुलखातल्या. दादाच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी इथे लिहीत नाही.

संध्याकाळी गांदेसाला मुक्काम. द्राक्षांचा मुलूख. वास्तुविशारद सेझार मार्तिनेलने शंभर वर्षांपूर्वी बांधलेली सहकारी वाइनरी बाहेरूनही पाहण्यासारखी आहे. आपल्याकडे साखर कारखान्याची इमारत कोणी इतक्या मायेने बांधली असती तर!

राहायचं तर गांदेसाला राहा, इथून सगळं पंधरा-वीस किलोमीटरच्या आत आहे. गाडी मात्र हवीच. आणि दुपारी दोन ते चार काहीही उघडं सापडत नाही. संग्रहालयं बऱ्याचदा सोमवारी बंद असतात, वेळ आदल्या दिवशी विचारून घ्या.

तिसरा दिवस: कोर्बेरा आणि पांदोल्स

या दिवसासाठीच आलो होतो.

कोर्बेरा देब्रेचं जुनं गाव टेकडीवर आहे. १९३८ च्या लढाईत तोफा आणि विमानांनी ते फोडलं, लोकांनी नवं गाव खाली वसवलं आणि वरचं तसंच ठेवलं. घरांच्या भिंती आहेत, छप्परं नाहीत. एका चुलीच्या कोनाड्यात अंजिराचं झाड वाढलंय. एका घराचा जिना चार पायऱ्या चढून आभाळात संपतो. संत पेरेचं चर्च तेवढं वरून पारदर्शक छताने झाकलं आहे, आत उन्हाची तिरीप थेट फरशीवर येते आणि चिमण्या कुठून शिरतात कळत नाही. खालच्या संग्रहालयाचं नाव '११५ दिवस'. एब्रोची लढाई २५ जुलै ते १६ नोव्हेंबर १९३८, एवढेच दिवस चालली.

चर्चबाहेरच्या बाकावर एक आजोबा बसले होते. हातात काठी, अंगात घट्ट बटणं लावलेलं स्वेटर. त्यांचे वडील 'किंता देल बिबेरो'मधले, म्हणजे दुधाच्या बाटलीची तुकडी. प्रजासत्ताकाकडची माणसं संपत आली तेव्हा सतरा-अठरा वर्षांची पोरं भरती केली, त्यांना लोकांनी पाडलेलं हे नाव. मी विचारलं, परदेशी सैनिकांबद्दल वडील काय सांगायचे? आजोबा बराच वेळ काठीने मातीत रेघा ओढत राहिले. मग म्हणाले (सई कॅटलानमधून मराठीत आणत होती, अडलं की इंग्रजीत), "म्हणायचे, ते गाणी म्हणत आले. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं, त्यांनी स्वतःहून निवडलं होतं. म्हणून त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा." आईकडचा मामा त्याच डोंगरात फ्रँकोच्या बाजूने होता. "नाताळला दोघे एका टेबलावर बसायचे. ऑलिव्हच्या भावावर बोलायचे."

दादा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघ. टीव्हीपेक्षा बरं."

आजोबांनी गोळी तोंडात टाकली आणि दुसरी खिशात ठेवली.

दुपारी 'क्लोचा' खाल्ला. जाड पाव अर्धा कापायचा, गर काढून खड्डा करायचा, त्यात निखाऱ्यावर भाजलेला टोमॅटो, अख्खा लसूण, कांदा आणि खारवलेला मासा भरून वर तेल ओतायचं. शेतमजुरांची न्याहारी. शाकाहाऱ्यांनी मासा वगळायला सांगावं, लसूण एवढा असतो की कसलीच उणीव भासत नाही.

मग पांदोल्सची डोंगररांग. इथे टेकड्यांना नावं नाहीत, उंचीचे आकडे आहेत. ६६६ वर अमेरिकन होते. ७०५ वर शांततेचं स्मारक आहे, १९८९ मधलं, त्या बाटलीवाल्या पोरांनी म्हातारपणी उभारलेलं. आणि या डोंगरातच झुडपांमध्ये ब्रिगेडमधल्या ब्रिटिश बटालियनचं स्मारक. ते बघून मी चाट पडले. संगमरवर नाही, पुतळा नाही, नुसता सिमेंटचा ठोकळा. १९३८ मध्ये, लढाई चालू असतानाच, ब्रिगेडचा इंजिनिअर पर्सी लुडविक याने तो घडवला. ओल्या सिमेंटमध्ये कोरलेली नावं अजून लागतात. लुईस क्लाइव्ह, ज्याने १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये नौकानयनाचं सुवर्ण घेतलं होतं. डेव्हिड गेस्ट, गणितज्ञ. फ्रँकोच्या राजवटीत अशी स्मारकं फोडून टाकत. हे डोंगरात झाकलेलं राहिलं आणि २००० च्या सुमारास पुन्हा सापडलं.

वारा असा, की चष्मा हाताने धरावा लागत होता. दादा गुडघ्यावर बसून एकेका अक्षरावरून बोट फिरवत होता.

"स्मिथ नाही यात."

"कसा असेल? ते एप्रिलमध्येच पकडले गेले. ही लढाई जुलैपासून पुढची. आणि हे दगड मेलेल्यांचे असतात, दादा. ते जिवंत परतले."

"म्हणजे जगला म्हणून दगड नाही."

"तिकडे तुम्ही तरी कुठे लावलाय?" मी म्हटलं. संघाच्या पहिल्या सरकार्यवाहाचा उल्लेख शाखेत किती वेळा ऐकलास, हा माझा नेहमीचा प्रश्न. त्याचाही नेहमीचा प्रतिप्रश्न तयार होता: पुढे ते कम्युनिस्ट झाले ना, मग तुमच्या लाल झेंडेवाल्यांनी तरी कुठे मिरवले? आणि १९३९ मध्ये सुभाषबाबूंचा निरोप घेऊन आपण डॉक्टर हेडगेवारांकडे गेलो होतो, असं हुद्दारांनी १९७९ मध्ये एका इंग्रजी साप्ताहिकात लिहिलं, ते सांगावं कोणी? त्यावर दादाचं मत वेगळं, माझं वेगळं. सई गाडीत जाऊन बसली आणि तिने हॉर्न वाजवला.

या डोंगरात फिरताना गंजलेलं लोखंड दिसलं तर हात लावू नका. न फुटलेले गोळे अजून निघतात. पायात बूट हवेत, माझ्या चपलेचा अंगठा तिथेच राहिला.

चौथा दिवस: कालासेइते, मग लांबचा पल्ला

गांदेसापासून वीसेक किलोमीटरवर कॅटलोनिया संपतं आणि आरागॉन लागतं. कालासेइते हे पलीकडचं पहिलं मोठं गाव, मधाच्या रंगाच्या दगडाचं, सुंदर. ३१ मार्च १९३८ च्या पहाटे ब्रिटिश बटालियन या रस्त्याने येत होती. समोर रणगाडे दिसले, आपलेच असतील म्हणून माणसं चालत राहिली. रणगाडे इटालियन होते. शंभराहून अधिक जण पकडले गेले. पुढच्या काही दिवसांत माघार घेताना गांदेसाजवळ हुद्दारही सापडले.

गंमत म्हणजे या हद्दीवर आठवणींचा कायदाही बदलतो. आरागॉनच्या विधानसभेने २०२४ मध्ये तिथला स्मृती कायदा, म्हणजे युद्धातल्या आणि हुकूमशाहीतल्या बळींची दखल घेणारा, रद्द केला. वीस किलोमीटर अलीकडे सरकारी पाट्या, संग्रहालयं, अस्थिगृह. केंद्राचा २०२२ चा कायदा मात्र दोन्हीकडे लागू. एकच डोंगर, एकच माघार, पण कोणत्या पाटीवर काय लिहायचं ते निवडणुकीच्या निकालावर.

गाडी सारागोसाला परत केली. (गाडी वेगळ्या शहरात सोडायचे वेगळे पैसे पडतात, ते बुकिंगच्या वेळी बारीक अक्षरात असतं. आमच्या लक्षात काउंटरवर आलं.) तिथून रेल्वेने बुर्गोस. अंगात तीन कपडे घालूनही दात वाजत होते.

पाचवा दिवस: सान पेद्रो दे कार्देन्या

बुर्गोसचं स्टेशन गावाबाहेर आहे आणि मठ आणखी दहा किलोमीटर पुढे. आम्ही टॅक्सी केली आणि परतीचीही तिथेच ठरवून टाकली. तुम्हीही तेच करा, नाहीतर मठाच्या दारात कुडकुडत उभं राहावं लागेल.

स्पॅनिश माणसासाठी हा मठ एल सिदचा. त्यांचा हा मध्ययुगीन वीर, त्याचा बाबिएका नावाचा घोडाही प्रसिद्ध, त्याच्या नावाचा दगड इथे आहे. मराठी माणसाला हे चटकन कळतं, आपल्याकडेही घोड्यांना नावं आहेत आणि समाध्याही. पण १९३६ ते १९३९ इथे छळछावणी होती, आणि १९३८ च्या वसंतापासून सहाशेच्या वर परदेशी कैदी यात कोंबले होते. त्यांत जॉन स्मिथ.

इंग्लंडमध्ये १९३७ पासून या युद्धात जाणं हा गुन्हा ठरवला होता, त्यात हुद्दार ब्रिटिश राज्याचे प्रजाजन आणि आधीच सजा भोगलेले. खोटं नाव हवंच. तरी इतकं साधं नाव? एखाद्या इंग्रजाने नागपुरात येऊन स्वतःला रामभाऊ पाटील म्हणवावं तसं.

आता दुसरं टोक ऐका. कालासेइतेला पकडलेल्यांत क्लाइव्ह ब्रॅन्सन नावाचा चित्रकार होता. त्याने इथे कैद्यांची रेखाचित्रं काढली. त्याचं पूर्ण नाव क्लाइव्ह अली चिमो ब्रॅन्सन आणि जन्म १९०७ चा, अहमदनगरचा! वडील तिथे सैन्यात अधिकारी होते. पुढे ब्रिटिश सैन्यातून तो पुन्हा भारतात आला आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये ब्रह्मदेशातल्या अराकानच्या लढाईत पडला. म्हणजे एकाच भिंतीआड नागपूरचा माणूस स्मिथ होता आणि नगरला जन्मलेला इंग्रज अली. हे मी टॅक्सीत सांगितलं तर दादा एवढा हसला की ड्रायव्हरने आरशातून पाहिलं.

मठ दाखवणारे साधू साठीचे असतील, पायात मोजे आणि सँडल. ओवऱ्या, कमानी, चर्च दाखवून झाल्यावर सईने छावणीचं विचारलं. त्यांनी मान हलवली. "आमचे लोक इथे १९४२ मध्ये आले. भिंती आधीच्या. कोणाचे आजोबा इथे होते म्हणून माणसं येतात, आयर्लंडहून, अमेरिकेहून. मी त्यांना खिडक्या दाखवतो." मग आम्हालाही वरच्या मजल्याच्या खिडक्या बाहेरून दाखवल्या. लहान, खोल, दगडी. मी मोजायला लागले आणि सोडून दिलं.

या खिडक्यांमागे काय काय चाललं होतं! वायेखो-नाखेरा नावाच्या लष्करी मानसोपचारतज्ज्ञाने कैद्यांची डोकी मोजली, प्रश्नावल्या भरून घेतल्या. मार्क्सवादी होणं हा मेंदूचा बिघाड आहे, हे त्याला सिद्ध करायचं होतं. कैद्यांनी त्याच जागेत भाषा, गणित, इतिहास यांचे वर्ग काढले. हाताने लिहून एक वर्तमानपत्र चालवलं, नाव 'जेली न्यूज'. डेली न्यूज नाही, जेल-ई न्यूज. पत्रकारिता शिकायला लंडनला आलेल्या हुद्दारांना वर्ग सापडला तो इथे, असं मी म्हटलं. यावर मात्र दादा वाद घालू शकला नाही.

साधूंना गोळ्या दिल्या. त्यांनी मठाच्या दुकानातून दादाला बिअरची बाटली आणून दाखवली, मठाचीच. दादा गेल्या तीस वर्षांत प्यायला नव्हता. त्याने बाटली घेतली आणि पैसेही दिले. ती त्याने रात्री हॉटेलात उघडली की नाही, हे मी वहिनीला सांगणार नाही असं कबूल केलं आहे.

बुर्गोसला मोर्सिया, म्हणजे भात घातलेलं रक्ताचं सॉसेज, सगळीकडे असतं. न खाणाऱ्यांनी केसो दे बुर्गोस मागावं. ताजं, पांढरं, मऊ पनीरच, वर मध. थंडीत लसणाचं सूप चांगलं, पण त्यात हॅमचे तुकडे असतात, आधी विचारा.

सहावा दिवस: माद्रिद

सकाळी विद्यापीठ परिसर. १९३६ च्या नोव्हेंबरात माद्रिद वाचवण्याची लढाई या इमारतींमध्ये झाली, म्हणून २०११ मध्ये इथे ब्रिगेडचं लाल रंगाचं स्मारक उभारलं. त्यावर कम्युनिस्ट नेत्या दोलोरेस इबारुरीचं वाक्य आहे, १९३८ च्या निरोप समारंभातलं: तुम्ही इतिहास आहात, तुम्ही आख्यायिका आहात. बांधकाम परवाना नाही या कारणाने २०१३ मध्ये न्यायालयाने ते हटवायला सांगितलं. ते अजून आहे. परवानगी, अतिक्रमण, न्यायालयाचा आदेश आणि तरी जागच्या जागी: इथे मला अगदी घरच्यासारखं वाटलं. त्यावर वेळोवेळी 'खुनी' असं रंगाने लिहून जातात, आम्ही गेलो तेव्हा एका कोपऱ्यात पुसल्याचा फिकट डाग होता. त्याच्या सावलीत दोन मुली परीक्षेचं वाचत होत्या.

हातात आणखी अर्धा दिवस असेल तर मोराता दे ताखुन्याला जा, फेब्रुवारी १९३७ ची खारामाची लढाई तिथे झाली. आम्हाला जमलं नाही, कारण दादाला फुएनकारालची दफनभूमी बघायची होती.

फुएनकारालला भिंतीवर ब्रिगेडची पाटी आहे. पण खाली कोणी नाही. इथे पुरलेल्या ४५१ ब्रिगेडवाल्यांना १९४१ मध्ये उकरून बाहेरच्या खड्ड्यात टाकलं. त्याच मोंतेकार्मेलो भागात पालिकेने सफाई खात्याचा डेपो बांधायला काढला, आणि हाडं आधी शोधा म्हणून वारसांनी आणि संघटनांनी भांडण मांडलं. पाटीखाली सुकलेली फुलं होती, प्रजासत्ताकाच्या झेंड्याच्या रंगांची लाल-पिवळी-जांभळी रिबीन होती.

झाडलोट करणाऱ्या माळीकाकांनी विचारलं, कुठून आलात? सईने सांगितलं. दादाने पाकीट उलटं केलं. शेवटच्या तीन गोळ्या, साखर विरघळून एकमेकींना चिकटलेल्या. त्यांनी एक सोडवून तोंडात टाकली.

"नागपूर," ते म्हणाले. "इथे खूप देशांची माणसं येतात. तिथून कोणी आल्याचं आठवत नाही."

"या लढाईत एक आला होता," दादा मराठीतच म्हणाला, सईने सांगितलं. "नाव जॉन स्मिथ."

काकांनी गोळी गालात सरकवली. "मग तो इंग्लंडचा," म्हणाले आणि फाटक बंद करायची वेळ झाली म्हणून घड्याळ दाखवलं. आम्हाला मेट्रोसाठी पळावं लागलं.